साक्षीला उभी केलेली डबी

मी एक जुनी पितळी डबी आहे. मला दोन तोंडे आहेत. एकीकडे तंबाखू राहते, दुसरीकडे चुना. दोन तोंडे असलेल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मित्रांनो, आज मी सांगणार आहे ते सगळे खरे आहे.

धुळ्याच्या एका तांबटाने मला घडवले. माझे झाकण त्याने इतके घट्ट बसवले, की चुना आठ आठ दिवस वाळत नसे. त्या गुणाचा मला भारी गर्व होता. साक्रीच्या बाजारात राघोच्या वडिलांनी मला घेतले. राघो कापड विणायचे लूम चालवायला सुरतेला निघाला, तेव्हा त्यांनी बंडीच्या खिशातून काढून मला त्याच्या हातावर ठेवले. तेव्हापासून मी सुरतेच्या भेस्तान भागातली झाले.

कारखान्यात बिडीला बंदी होती. एक ठिणगी पडली तर सगळेच पेटायचे. म्हणून तिथे मान होता तो माझा. आठ लूमच्या खडखडाटात बोललेले ऐकू येत नसे. राघो डाव्या तळहातावर दोन बोटे मारून दाखवी, की शेजारच्या रांगेतला शालिग्राम हजर. तंबाखू मागायला कुणालाच लाज वाटत नाही. बिघडलेल्या लूमकडे कारखान्याचे मास्तरही आधी माझी चिमूट घेऊन मगच वळत. खोटे कशाला बोलू, मला ते आवडत असे.

मग प्लेगचे साल आले. आमची गल्ली दोन दिवसांत ओस पडली. राघोची बायको उज्ज्वला तापाने फणफणली होती, त्यामुळे त्याला कुठे जाता येईना. घरात दोन पिढ्यांपासून येशूचे नाव होते, पण राघोची उपासना नाताळपुरती. त्या दिवशी मात्र त्याने मला जमिनीवर ठेवले आणि गुडघे टेकले.

"प्रभू, हिले वाचाड," तो म्हणाला. "मी डबीले हात लावाव नही."

ताप साधाच निघाला. तिसऱ्या दिवशी उज्ज्वलाने भाकरी मागितली. राघो तिच्याकडे बघत राहिला आणि रडला.

गल्ली पुन्हा भरल्यावर भाईदासकाकांच्या पुढच्या खोलीत रविवारची उपासना सुरू झाली. काका म्हणजे आमच्या ख्रिस्ती मंडळीचे वडीलधारे प्रमुख, चलथाणकडे ऊसतोडीला आले आणि इथेच राहिलेले. राघो साक्ष द्यायला उभा राहिला. त्याने मला वर धरले आणि सांगितले, की रिकाम्या डबीपासून कोणीही दूर राहील. आपण मात्र ही भरलेली डबी खिशात ठेवणार आणि प्रभूच्या बळावर ती उघडणार नाही, असे तो म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवून हालेलुया म्हटले. एकटे काका डोके खाजवत बसले.

"तळे राखी तो पाणी चाखी," ते म्हणाले. "डबी टाकी दे ना, बापू."

पण टाळ्यांत ते कोण ऐकतो?

त्यानंतर दर रविवारी मला वर धरून दाखवू लागले. आणि खरेच सांगते, महिनाभर राघोने मला उघडले नाही. हात खिशाकडे यायचा, अर्ध्यात थांबायचा, मग तो लूमच्या लाकडाला घट्ट धरी आणि त्याचे ओठ हलू लागत. मी खिशातच होते, त्याच्या छातीला लागून. मला वाटे, माझे झाकण आणखी घट्ट व्हावे. पण मित्रांनो, डबीला उघडणाऱ्या बोटाला अडवता येत नाही.

एका गुरुवारी दुपारी ताणा, म्हणजे लूमवरचे उभे सूत, खराब लागला. सुताची एक तार जोडावी तोच दुसरी तुटे. मास्तर सगळ्यांदेखत राघोवर ओरडले. ते गेल्यावर शालिग्राम जवळ आला. त्याच्या मनात काही वाईट नव्हते.

"तू खाऊ नको," तो कानाशी म्हणाला. "माले तरी दे. मनी तंबाखू सरी गई."

मागणाऱ्याला नाही म्हणणे राघोला कधी जमले नव्हते. त्याने मला उघडले आणि मित्रासाठी तंबाखू मळली. शालिग्रामने आपली घेतली. मळणाऱ्याच्या तळहातावर शेवटची चिमूट उरतेच. राघो तिच्याकडे बघत राहिला आणि मग त्याने ती दाढेखाली ठेवली. त्या संध्याकाळी घरी पोहोचताच त्याने आधी उज्ज्वलाच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. तरी तो रात्री जेवला नाही.

शनिवारी त्याने मला पुन्हा काठोकाठ भरले, धोतराच्या फडक्याने पुसले आणि रविवारी वर धरले. हालेलुया झाले. खाई त्याला खवखवे. राघोच्या तोंडून गाणे फुटेना. मला ओरडावेसे वाटले, पण दोन तोंडे असून मला बोलता येत नव्हते. असे तीन रविवार गेले. दर आठवड्याला तो मला रिकामी करी आणि दर शनिवारी भरी.

मग एकदा धुणे धुताना उज्ज्वला सहज म्हणाली, "तुमना खिसाले चुना लागेल शे."

एवढेच. पुढे काही न विचारता ती खिसा घासत राहिली. ती रागावली असती तर राघोला बरे वाटले असते.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर वाटून खाण्याचा विधी, होता. भाकरीचे ताट राघोपर्यंत आले, आणि त्याने मला काढून टेबलावर ठेवले.

"काका, मी खोटं बोलनू," तो म्हणाला. "माले जमत नही. माले टाकताबी येत नही. तुम्हीच टाका."

या वेळी कोणी हालेलुया म्हटले नाही. मागे कोणीतरी खाकरले. काकांनी मला उचलून बाजूला ठेवले.

"आज खरी साक्ष व्हयनी, बापू," ते म्हणाले आणि त्यांनी ताट पुढे केले. राघोचा हात उठेना. उज्ज्वलाने त्याचा कोपर धरला आणि हात वर केला.

काकांनी मला कागदात गुंडाळून खाडीत टाकले. आता मी चिखलात कळकून गेले आहे. राघोचे पुढे काय झाले, मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशीही तार तुटणार होती, शालिग्राम तळहात पुढे करणारच होता, आणि नवी डबी तर प्रत्येक कोपऱ्यावर मिळते. त्याच्यासाठी मी काहीच करू शकत नाही. पूर्वीही करू शकत नव्हते.

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू तुम्हांला म्हणतात, आम्हांला जपा. मी म्हणते, मी सापडलेच तर मला घासून लख्ख करू नका. जपायचे तर माणसाला जपा. घरातले कोणी मान खाली घालून 'मला जमत नाही' म्हणाले, तर हसू नका, उपदेशही करू नका. जवळ जा आणि त्याचा कोपर धरा.