चुलीमागची भिंत

प्रश्न.
घरातल्या एका खोलीचे जलरंगात चित्र काढा. उजेडाला गुण आहेत. पांढरा रंग वापरू नये.

या प्रश्नात बद्रीनाथ दोनदा नापास झाला होता. शेरा दोन्ही वेळा एकच: उजेड नाही. तिसरी संधी शेवटची. तीही गेली की चित्रकला शिक्षक व्हायचं सोडून द्यायचं, एवढी सोय नियमात होती.

रंगाचा डबा.
शहरात, छावणी भागातल्या चित्रकलेच्या वर्गात गयास सरांनी त्यातली पांढरी ट्यूब काढून स्वतःच्या खिशात टाकली. "मियाँ, उजेड लावायचा नसतो. कागद कोरा राखायचा असतो. काळं करायला तर कुणालाही येतं."

खोली.
करमाडला मनकर्णाआत्याचं स्वयंपाकघर. वर्षभराच्या धुरानं चुलीमागची भिंत अशी काळी, की परीक्षकांनी पाया पडावं. धाब्याच्या मातीच्या छतातल्या झरोक्यातून दहाला एक तिरीप उतरायची, हंड्यावर बसायची, साडेदहाला उठून जायची. तीन सकाळी बद्रीनाथ तेवढा पट्टा कोरा राखून बाकी सगळं काळं करत बसला.

"भिंतीचं काय काढतोस? माझी पितळी भांडी काढ की."

"भिंतीलाच गुण आहेत, आत्या."

"व्हय? लई शहाणं सरकार हाय तुझं." ती डब्यात डोकावली. "पांढरा नाय का रं ह्यात?"

"सरांनी काढून घेतला."

"लेकराचा रंग काढून घेतला मेल्यानं." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "खाली काय लिवलंस?"

"करमाड, आत्याचं घर."

आत्यानं ते नाव बघितलं, मग वरची काळी भिंत. घट बसायला आठ दिवस होते. कोपऱ्यात मडक्यात चुना भिजत होता.

(इथं बद्रीनाथ जेवायला बसला. कलेच्या इतिहासात जेवणाची नोंद कुणी ठेवत नाही. ठेवायला हवी.)

"दमानं धर," निघताना आत्या म्हणाली. "वलं हाय."

क्रांती चौक.
ओला चुना दिसत नाही, वाळल्यावर दिसतो. बद्रीनाथ एसटीतून उतरला तोवर चित्रातली भिंत लख्ख पांढरी झाली होती. तिरीप मात्र आत्यानं सोडली होती. दोरा धरल्यासारखी, कडेकडेनं. चुन्याशेजारी तो कोरा कागद पिवळट, मळका दिसत होता.

नळ.
गयास सरांनी चित्र खिडकीशी नेऊन धरलं. "कुणी केलं?"

"आत्यानं. घर काळं दिसत होतं म्हणून."

"नळ तिकडं आहे. पाचपर्यंत द्यायचंय. चुना निघाला तर खालचं थोडं वाचेल."

बद्रीनाथनं नळ सोडला. मग ती सोडलेली कड पुन्हा एकदा बघितली आणि नळ बंद केला. चित्र तसंच नेऊन दिलं.

निकाल.
नापास. शेरा: उजेड जास्त.

चित्र आता करमाडला, चुलीच्या वर खिळ्याला आहे. आल्यागेल्याला आत्या सांगते, "भाच्यानं काढलंय. भिंत तेवढी माझी." धूर रोज त्यावर बसतो, घाई न करता, थरावर थर. होळीपर्यंत ते बरोबर हव्या त्या रंगावर येईल.