काच आधी, माप नंतर

मित्रांनो, मी अंतर मोजणारा एक जुना सेन्सर आहे. आकाराने तुमच्या खोडरबरापेक्षा लहान, पण जबाबदारी मात्र अख्ख्या हाताची. छापखान्यातल्या कागद कापायच्या यंत्रावर मला बसवले आहे. मी डोळ्यांना न दिसणारा प्रकाश खाली सोडतो, तो किती वेळात परत येतो ते पाहतो आणि त्यावरून अंतर सांगतो. मेजावरच्या गठ्ठ्यापेक्षा जवळ काही आले, की पाते जागच्या जागी थांबते.

यंत्र काकू चालवतात. नऊ वर्षांत त्यांच्या बोटाला साधा ओरखडा नाही. याचे अर्धे श्रेय त्या स्वतःला देतात आणि अर्धे मला. हा वाटा मला मान्य आहे.

धूळ बसू नये म्हणून माझ्यासमोर पातळ काच होती. एके दिवशी ती तडकली. यंत्रांची देखभाल करणारे मिस्त्रीमामा चांगली जाड काच घेऊन आले. "आता जन्मभर बघायला नको," ते म्हणाले. मामांची जुनी पद्धत अशी, की आतले सगळे काम उरकायचे आणि झाकण सर्वांत शेवटी लावायचे. त्यांनी मला उघड्यावरच मेजावरच्या गठ्ठ्याचे अंतर शिकवले, चाळीस सेंटीमीटर. मग ती काच माझ्यापासून जरा लांब बसवली.

तिथेच घोळ झाला. माझा थोडा प्रकाश खाली न जाता काचेवरूनच मागे फिरू लागला. लांबून आलेला आणि दारातूनच परतलेला, दोन्ही मी एकत्र धरले आणि चाळीसचे चौतीस सांगू लागलो. नुसत्या कागदावर मला हात दिसू लागला. सकाळभरात पाते अकरा वेळा उगाच थांबले. मला फार लाज वाटली, पण बोलणार कसा? मला तोंड नाही, फक्त आकडा आहे.

शाळेची पुस्तके संध्याकाळी जायची होती. मालक वैतागले. "म्हातारा झालाय तो. तार काढा त्याची."

पाते चालवायची पायाखालची कळ काकूंनी सोडली. "तो बंद, तर मी पण बंद."

"काकू, तासाभराचा तर प्रश्न आहे."

"हात जायला तास लागत नाही, साहेब."

मामा मुकाट्याने तार काढायला आले. त्यासाठी आधी काच उतरवावी लागली, आणि आकडा चाळीस झाला. त्यांनी काच परत ठेवली. चौतीस. तीनदा करून पाहिले. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "याला नावं ठेवू नका. चूक माझी आहे. काच लावून माप घ्यायला पाहिजे होतं."

त्यांनी जाड काच काढून नवी पातळ काच अगदी माझ्या अंगालगत बसवली, प्रकाश आतूनच मागे फिरू नये म्हणून मधे काळ्या रबराची कडी घातली आणि काचेसकट मला पुन्हा अंतर शिकवले.

मित्रांनो, माझ्यासारख्याची काच स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसा, तेलकट बोट लावू नका. काच बदलली तर माप नव्याने घ्या. आणि तो चुकला, तर त्याच्यासमोर तुम्ही काय ठेवले आहे ते आधी बघा.

त्याच दुपारी गठ्ठ्यातला एक कागद वाकडा सरकला. पाय कळीवर असतानाच काकूंचा हात सवयीने आत गेला. पाते हाताच्या दोन बोटे वर थांबले. काकूंनी हात बाहेर घेतला, तळवा पाहिला, मग मागची बाजू पाहिली. मामांनी कोरडे फडके घेतले आणि माझी काच पुसली.