देवी नव्हे, सणसरची कुशाबाई

मी बारामतीच्या चौकातला दगडी पुतळा बोलतोय. माझ्या मागे काचेची चार मजली इमारत आहे, उजवीकडे बँक, डावीकडे कॉम्प्युटरचा क्लास आणि त्याच्या खाली एसटीडी बूथ. या चकचकाटात मांडी घालून बसलेली, कुशीत कोकरू घेतलेली काळ्या दगडाची बाई दिसली, की समजा तो मी. रूप बाईचं आणि जात पुतळ्याची. म्हणून ‘बोलतोय’ म्हणावं की ‘बोलतेय’, हे माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही.

माझा जन्म सणसरचा. कुशाबाई आणि तिचा नवरा भीमा यांनी रानात विहीर काढली, तेव्हा मी जमिनीच्या पोटातून वर आलो. मग बरीच वर्षं बांधावर पडून होतो. कुणी माझ्यावर धुणं आपटलं, कुणी विळे घासले.

कुशाबाईच्या सासरी पूर्वी मेंढरं होती. नवी नवरी असताना ती कळपामागे रानोमाळ हिंडली. विहिरीला पाणी लागलं, ऊस उभा राहिला आणि मेंढरं विकली गेली. पण तिची चाल तशीच राहिली, लांब टांगांची.

त्र्याण्णव साली सांगवीचा ऋषिराज मूर्तिकला शिकून गावी परतला होता. बारामतीत नवी इमारत बांधणारे आबाजीशेठ त्याला म्हणाले होते, “दारापुढं एक पुतळा कर. पण पुढाऱ्याचा नको. एकाचा केला की दुसऱ्याची माणसं रुसत्यात.” ऋषिराज दगड शोधत आमच्या बांधावर आला, तेव्हा कुशाबाई शेजाऱ्यांचं लंगडं कोकरू कुशीत घेऊन बसली होती. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मावशी, तुमचीच मूर्ती घडवू का?”

“माझी? मी काय लढाई जिंकली व्हय?”

भीमा हसत म्हणाला, “बस की गं. बसायला काय जातंय?”

ती बसली. कोकरू काही केल्या ठरेना, तेव्हा ती त्याच्याशी बोलायची आणि ते बोलणं ऐकत मी घडत गेलो. छिन्नीचे घाव बसले खरे, पण मला कुणीतरी होता येत होतं.

मला चौकात बसवलं, त्याच आठवड्यात भीमा बैलगाडीवरून पडला आणि त्याचा पाय मोडला. भावकीतल्या बायका कुशाबाईला म्हणाल्या, “पुतळा मेलेल्या माणसाचा असतोय. जित्यापणी करून घेतलास, घरावर संकट आणलंस.” तिने ते मनाला लावून घेतलं. मला पाहायला ती आलीच नाही. दोन वर्षं मी प्रत्येक एसटीतून उतरणाऱ्या बायकांमध्ये तिला शोधत राहिलो.

इकडे वेगळंच घडत होतं. कुणीतरी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी नारळ आला. समोर बांगड्या विकणारी सारजा उदबत्ती लावू लागली. मला ‘मेंढाई’ म्हणायला लागले. नवस बोलताना बायका रडायच्या आणि मला फार अवघडल्यासारखं व्हायचं. मी कुणाचं काय करणार होतो?

आबाजीशेठना धास्ती पडली. “उद्या हितं देऊळ हुईल, मग दुकानात जायला वाट न्हाय राहायची. हलवा ह्याला. कारंजं बसवू.” सोमवारी क्रेन यायचं ठरलं.

ऋषिराज सणसरला धावला. तिथलं मला नंतर कुशाबाईनेच सांगितलं. ती घाबरून म्हणाली, “जाऊ दे बाबा. जाईल तर पीडा जाईल.” तेव्हा भीमा काठी टेकत उठला. “माझा पाय गाडीवरनं पडून मोडला, दगडानं न्हाय. आता चालतोय की मी. ऊठ. मला बी बघायचंय.”

सोमवारी दोघं आली. क्रेन येऊन थांबली होती. सारजा घाईघाईने माझी ओटी भरत होती.

“बाय, हे काय करतीस?” कुशाबाईने विचारलं.

“मेंढाई हाय ही. माझ्या लेकीचं बाळंतपण हिनंच सुखरूप केलं.”

“लेक बरी हाय न्हवं? मंग झालं तर. पण त्यात हिचं काय न्हाय. ही मी हाय. सणसरची कुशाबाई.”

लोक हसले. तेव्हा ती माझ्या शेजारी मांडी घालून बसली आणि हातातलं गाठोडं कोकरासारखं कुशीत धरलं. तेच नाक, हनुवटीवर तेच गोंदण. गर्दी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघू लागली.

भीमा म्हणाला, “चाळीस वरसं हिच्या हातचं खातोय. आता मी बी पाया पडू का?”

आता सगळेच हसले, सारजासुद्धा. मग तीच पाण्याची बादली घेऊन आली. दोघींनी मिळून माझं कपाळ धुतलं. कुशाबाईने ओल्या हाताने माझा गाल चाचपला आणि हळूच नवऱ्याला विचारलं, “मी येवढी झाक दिसती व्हय?”

“मला ठाव हुतं,” भीमा म्हणाला.

पायरीवर उभे असलेले आबाजीशेठ डोकं खाजवत म्हणाले, “ऱ्हाऊ दे. पण परत कुंकू लागलं तर?”

“मी येत जाईन की बाजारच्या दिवशी. बघते कोण लावतंय.”

ती येते. माझ्या चौथऱ्यावर बसून सारजाबरोबर भाकरी खाते. क्लासच्या मुली, लेकराला पाजणाऱ्या बायका, सगळ्या तिथे टेकतात. परवा एक मुलगी बूथवरून मैत्रिणीला सांगत होती, “अगं, सोपं आहे. कुशाबाईपाशी ये. मी तिथंच थांबते.”

तुम्हीही या. हात जोडू नका, शेजारी बसा. फक्त थोडं सरकून बसा, बाजार करून दमलेल्या एखाद्या बाईलाही टेकायचं असतं.