एका हाताचा सिनेमा

बेहरूझच्या सिनेमात दहा वर्षं कुणी कुणाला शिवलं नव्हतं. आई लेकाला वाढायची, पण त्याच्या केसांतून हात फिरवायची नाही, कारण पडद्यावरची आई त्याची खरी आई नव्हती. नवरा लढाईवरून परत यायचा, बायको दाराशी धावायची, आणि धावता धावता अशी थबकायची की दोघांच्या मधून एखादं गाढव पाठीवरच्या ओझ्यासकट आरामात निघून जावं. तेहरानच्या परीक्षक मंडळाचा तसा कायदाच होता.

कायद्याखाली त्यानं तीन सिनेमे काढले. पहिला निम्मा कापला गेला. उरलेला निम्मा पाहून लोक एकमेकांना गोष्ट विचारत घरी गेले. दुसऱ्यात केस दिसू नयेत म्हणून नायिका झोपतानाही डोक्याला रुमाल बांधून झोपायची, तरी ‘झोपते कशाला?’ असा शेरा आला. तिसऱ्यात त्यानं माणसं घेतलीच नाहीत, शेळ्या घेतल्या. तेव्हा कळपात बोकड नेमका कुठे उभा आहे, याची चौकशी झाली.

चौथ्याच्या वेळी मात्र तो हट्टाला पेटला. गोष्ट साधी होती. खलाशी समुद्रावर जातो, हरवतो. बायको खाडीकाठी वाट पाहते. सात वर्षांनी तो परत येतो, आणि ती त्याच्या खांद्यावर हात ठेवते. तो एक हात पडद्यावर दिसावा, एवढंच त्याचं मागणं. त्यासाठी कायद्यात एक फट होती. जोडपं खरंच लग्नाचं असेल तर हात ठेवता येत होता. त्यानं तेहरानमधली एक नट-नटीची जोडी ठरवली. चित्रीकरणाला निघायच्या आठ दिवस आधी त्या दोघांनी काडीमोड घेतला.

आपल्या देशाच्या बंदरावर कॅमेरा न्यायची परवानगी नव्हतीच. म्हणून बेहरूझला राई गाव आठवलं. तरुणपणी तो शिकायला पुण्यात होता, सदाशिव पेठेत विमलाबाईंच्या घरी खोली घेऊन. तेव्हा एका मित्राच्या लग्नाला तो भाईंदरजवळच्या या गावात आला होता. इराणच्या किनाऱ्यासारखाच चिखल, तशीच तिवरं, मिठागरांवर तोच पांढरा उजेड. मंडळानं हो म्हटलं, पण दोन गोष्टी बरोबर दिल्या. एक ताकीद: हा सिनेमा पास झाला नाही तर पुन्हा परवानगी मागायला येऊ नये. आणि दुसरे, देखरेखीला नसीरीसाहेब.

नसीरीसाहेब पूर्वी शाळेत भूमिती शिकवायचे. त्यांची काळी छत्री पावसाची नव्हे, मापाची होती. बाई आणि पुरुष एका चौकटीत आले की ते छत्री आडवी धरून मध्ये मावते का बघत. मावली की मान हलवत. बाकी माणूस वाईट नव्हता. सुकटीच्या वासानं त्यांच्या डोळ्यांना पाणी यायचं, एवढाच त्यांचा राईशी झगडा.

राईत बेहरूझला सहादेव आणि अनसूया सापडली. पन्नाशीची आगरी जोडी, उन्हानं रापलेली, डोळ्यांत खाडीचं पाणी. संवाद मागाहून फारसीत भरायचे होते, म्हणून कॅमेऱ्यासमोर ती काहीही बोलली तरी चालणार होतं. पंधरा दिवस काम सुरळीत झालं. सकाळी सहादेव एकटा होडी वल्हवायचा, दुपारी अनसूया एकटी वाट पाहायची. गोष्टच तशी होती. दोघं एकत्र यायची ती फक्त शेवटच्या दिवशी, शेवटच्या दृश्यात.

बेहरूझची मराठी विमलाबाईंच्या हाताखाली तयार झालेली. तो म्हणायचा, “सहादेवराव, आपण कृपा करून किंचित डावीकडे सरकाल का?”

सहादेव इकडेतिकडे बघायचा. “कनाला बोलतंय हा? माना राव बोलतंय? आरं, हा इरानी हाय का पंचांग सांगनारा?”

शेवटचा दिवस उजाडला आणि कलायला लागला. नसीरीसाहेबांचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी. डब्यात रीळ एकच. पाण्यावर ऊन तिरपं झालं, बेहरूझनं कॅमेरा लावला, आणि नसीरीसाहेबांनी छत्री उभी केली.

“हे दोघं नवरा-बायको आहेत, याला पुरावा?” त्यांनी फारसीत विचारलं. बेहरूझनं ते मराठीत सगळ्यांना सांगितलं.

दाखला कुणाकडे असणार? यांचं लग्न लागलं तेव्हा कागद करायची कुणाला सवय होती? मग गर्दीतून केसरबाई पुढे आली. केसरबाई धवलारीण, म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात धवळे गाऊन लग्न लावणारी. तिच्या गळ्याखेरीज राईत हळद लागत नसे.

“पुरावा माना इचारतंय?” तिनं कमरेवर हात ठेवले. “मी लावलाय यांचा लगीन!” आणि तिथेच, चिखलात पाय रोवून, तिनं सूर लावला:

“खारीचे बांधावरी गो नवरा उभा र्‍हेला,
नवरीचे हातावरी गो हलदीचा चांद आयला.
सोर सोर गो आये माजा हात तुजे हातांशी,
तो हात मी दिला गो या दर्याचे पोराशी.”

सगळ्या बायकांनी मागून ओळ उचलली. खाडीवरचे बगळे उडाले. नसीरीसाहेबांना शब्द एक कळला नाही, पण इतक्या बायका एका सुरात खोटं बोलणार नाहीत, असा भूमितीतला काही सिद्धांत त्यांना आठवला असावा. त्यांनी छत्री मिटली. “हात ठेवायला हरकत नाही.”

बेहरूझ अनसूयेकडे धावला. “अनसूयाबाई, आता आपण यांच्या खांद्यावर हात ठेवायचा.”

“मी न्हाय.”

“म्हणजे?”

“मी न्हाय ठेवाची. नवरा हाय, खरा हाय, पन हात न्हाय लावाची त्याना.”

केसरबाईनं बेहरूझला बाजूला ओढलं. “आरं बाबा, दिवालीपासना बोलत न्हाय ती त्याचेशी. खारीची शेती इकली ना त्यानी बिल्डरला! हिला न इचारता! दर्यानी बांध फोरला तवा हिनी सवता डोक्यावं चिखल वाहून घातलेला, आन् यानी कागदावं आंगठा दिला नि मोकला झाला.”

“पण हे मला आधी का नाही सांगितलंत?”

“तू कवा इचारलास? तू दोघांना येगयेगला उभा करत व्हतास, आमाना वाटला तुना ठाव हाय!”

आख्ख्या इराणच्या पडद्यावर ज्यांना एकमेकांचा हात धरायचाय त्यांना परवानगी नाही, आणि ज्या एका बाईला परवानगी मिळाली तिला हात धरायचा नाही. सूर्य पाण्याला टेकायला निघाला होता.

बेहरूझनं अनसूयेपुढे हात जोडले. “बाई, हात ठेवू नका. नुसत्या जवळ जा. आणि मनात जे असेल ते बोला. आपली भाषा नसीरीसाहेबांना कळत नाही.”

“मनातला सगला?”

“सगळं.”

“मंग लाव तुजा कॅमेरा.”

कॅमेरा सुरू झाला. सहादेव होडीतून उतरला, गुडघाभर चिखलातून बांधावर चढला. अनसूया इराणी बायकांची डोक्यापासून पायापर्यंतची काळी चादर सावरत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. पदर तिला ठाऊक होता, पण ही गुळगुळीत चादर पंधरा दिवस तिला मासळीसारखी निसटत होती.

“आयलास?” ती म्हणाली. “कनचा थोबार घेऊन आयलास?”

“काय म्हणतेय ती?” नसीरीसाहेबांनी कुजबुजत विचारलं.

“म्हणतेय, देवानं तुम्हाला सुखरूप आणलं.”

“बांध मी घातला! मान मोरली माजी टोपल्या वाहून! तवा तू कनचे ताडाखाली बसलेलास, मेल्या?”

“म्हणतेय, तुमच्याविना दिवस फार जड गेले.”

“आन् आंगठा देताना माना एक शब्द बोललास? बायको हाय का खारीतली बुजगावनी हाय मी?”

“म्हणतेय, मला विसरलात का?”

सहादेव खाली मान घालून उभा. त्यानं एकदाही तोंड उघडलं नाही, आणि त्याच्या त्या गप्प राहण्यानंच अनसूयेचा तोल गेला. तिनं हात उचलला आणि त्याच्या खांद्यावर असा दणका दिला की ओल्या सदऱ्यातून पाणी उडालं. मग दुसरा. मग तिसरा. तिसऱ्या दणक्याला काळी चादर घसरली आणि थेट खांद्यावर आली. अर्धे पिकलेले केस, कानामागे माळलेली अबोली, सगळं कलत्या उन्हात उघडं पडलं.

बेहरूझनं डोळे मिटले. गेला सिनेमा. रीळ संपत आलेलं, उद्या विमान, आणि पडद्यावर केस.

डोळे उघडले तेव्हा सहादेवचा हात वर गेला होता. गावासमोर, परक्या माणसांसमोर बायकोचं डोकं उघडं पडलं, एवढंच त्याला दिसलं असावं. त्यानं चादरीची कड दोन बोटांनी उचलली, तिच्या डोक्यावर ओढली, कपाळापर्यंत आणली, आणि हात तिथंच राहिला. त्याचा अंगठा तिच्या भुवईवर. तोच अंगठा. अनसूया बोलता बोलता अडली.

नसीरीसाहेब ताडकन पुढे आले. “केस दिसले! तो भाग कापा.”

“कापतो,” बेहरूझ म्हणाला. “चादर पडते तेवढं काढून टाकतो.”

“हां. टाका.” ते दोन पावलं गेले आणि थांबले. “पण मग तो सावरतो काय? न पडलेली चादर सावरायला हात कशाला उचलला, असं मंडळ विचारेल.”

“मग सावरणंही काढतो.”

“वेडे आहात का? सावरणं काढलं तर केस उघडेच राहतात!” नसीरीसाहेबांनी छत्रीच्या टोकानं चिखलात एक रेघ काढली, दुसरी काढली, मग तिसरी ओढून त्रिकोण पुरा केला. मग म्हणाले, “कायदा मोडला तिनं. पाळला त्यानं. त्याच चौकटीत, लगेच. आता यात मी कात्री कुठून घालू?”

बेहरूझ त्रिकोणावर पाय पडू नये म्हणून एक पाऊल मागे सरला.

“राहू दे,” नसीरीसाहेब म्हणाले. “मंडळाला मी सांगेन. असा कायदा पाळलेला आजवर कुणी दाखवला नाही.” आणि सुकटीचा वास कुठून आला कोण जाणे, त्यांनी रुमाल काढला.

चादर सावरणारा हात टिपून कॅमेऱ्यातलं रीळ केव्हाच संपलं होतं आणि मोकळं चाक टकटकत फिरत होतं. दृश्य संपलं हे त्या दोघांना सांगायचं बेहरूझच्या ध्यानातच राहिलं नाही. अनसूयेला पुन्हा वाचा फुटली होती, सहादेव हूं हूं करत ऐकत होता, आणि दिवाळीपासूनचं तिचं बोलणं अजून निम्म्यावरही आलं नव्हतं.