रिकाम्या ट्रेमधले अकरा व्हायरस

दोन हजार आठचा मार्च. वणीच्या एस.टी. स्टँडसमोरच्या स्टुडिओत सकाळी दहालाच गर्दी जमली होती, पण फोटो काढायला कुणीच आलं नव्हतं. सगळे कॉम्प्युटरकडे बघत होते. पडद्यावर एक लाल ढाल गरगरत होती, मिनिटामिनिटाला भोंगा वाजत होता. खालचं इंग्रजी शेजारच्या मोबाइल दुकानाचा शेखर मोठ्याने मराठीत सांगत होता.

"अडतीस व्हायरस. सत्तावीस सी ड्राइव्हमध्ये, अकरा डी ड्राइव्हमध्ये. तुमचे फोटो या क्षणी परक्या माणसाकडे जात आहेत, असं म्हणतंय."

स्टुडिओ चालवणारी सरिता पडद्यासमोरून हलत नव्हती. पंचक्रोशीतल्या लेकीसुनांचे फोटो त्या डब्यात होते. ते भलत्याच्या हाती गेले तर दुकान कसं उघडायचं आणि तोंड कुणाला दाखवायचं?

"बाई, आमच्या मालकाचा फोटो हाय ना त्यात?" साळूबाईने विचारलं. ती डोंगरातल्या पाड्यावरून पहाटेची निघाली होती. नवऱ्याचा दहावा उद्यावर आला होता आणि त्याचा जन्मातला एकुलता एक फोटो दोन महिन्यांपूर्वी सरितानेच ओळखपत्रासाठी काढला होता.

सरिताने फोटोवर क्लिक केलं. ढाल पुढे आली : फाइलला लागण झाली आहे, उघडता येणार नाही. दुसरा फोटो, तेच. "मग उद्या म्होरं काय ठेवू?" साळूबाई म्हणाली.

"उपाय तेच सांगतंय," शेखर म्हणाला. "कार्डाचा नंबर टाका, पैसे भरा, सगळं साफ. नाहीतर फॉरमॅट मारावा लागेल, मग फोटो गेलेच."

रोग सांगणारी ढाल, औषध विकणारीही ढाल, हे त्या गर्दीत कुणालाच खटकलं नाही. सरिताने पर्समधून कार्ड काढलं. आठ आकडे टाकून झाले, तेवढ्यात मागून आवाज आला, "थांबा. कार्ड आत ठेवा."

कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या तृप्ती मॅडम पासपोर्टचे फोटो न्यायला आल्या होत्या. त्यांनी सरिताने टाकलेले आकडे पुसले आणि विचारलं, "ही ढाल आली कुठून?"

"आपोआप आली," सरिता म्हणाली.

"काल काय काय उघडलं होतं?" मॅडमनी विचारलं. सरिताची मान खाली गेली. "काल फोटोमागे लावायला इंटरनेटवर बर्फाचं चित्र शोधत होते. एक खिडकी आली, तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय, तपासू का? मी घाबरून होय दाबलं. कुणाला बोलले नाही."

"आणि त्याआधी फोटो उघडत होते?"

"सगळे."

मॅडमनी वाकून इंटरनेटची वायर उपटली आणि हातात धरली. "शेखर, आता काय म्हणतंय?"

"फोटो पाठवले जात आहेत," तो वाचता वाचता अडखळला. पाठवलेल्या फोटोंचा आकडा अजून वाढत होता.

"वायर माझ्या हातात आहे. जातायत कुठून?" मग त्यांनी सरिताला विचारलं, "तुमचा डी ड्राइव्ह कुठला?"

"डी म्हणजे सीडीचा."

मॅडमनी बटण दाबलं. ट्रे बाहेर आला, रिकामा. "यात अकरा व्हायरस आहेत म्हणे. दिसले कुणाला तर सांगा." कुणीतरी हसलं. सरिताला हसू येईना.

"ही ढाल काही तपासतच नाही. आकडे आधीच लिहून ठेवलेत. फोटो हिनेच अडवलेत, म्हणजे तुम्ही घाबराल आणि पैसे भराल."

त्यांनी कॉम्प्युटर बंद करून सुरू केला आणि एफ-आठ दाबून सेफ मोडमध्ये नेला. तिथे विंडोज गरजेपुरतंच चालू होतं, म्हणून ढालीला उठता आलं नाही. सुरुवातीला आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामांच्या यादीतून त्यांनी तिचं नाव काढलं, तिचं फोल्डर पुसलं आणि कॉलेजातून खरा अँटिव्हायरस आणून तासभर तपासणी केली. तीन फाइली सापडल्या. तिन्ही त्या ढालीच्याच.

कॉम्प्युटर नेहमीसारखा सुरू करून सरिताने साळूबाईच्या नवऱ्याचा फोटो उघडला.

"हेच," साळूबाई पडद्याजवळ जाऊन म्हणाली. "टोपी तिरकीच घालायचे." सरिताने तो मोठा करून छापला आणि तिच्या हाती दिला.

गर्दी पांगली तरी शेखर जाईना. "मॅडम," तो हळूच म्हणाला, "माझ्या दुकानात हीच ढाल आहे. मी परवा पैसे भरले. ती हिरवी झाली, म्हणून मला खरी वाटली."

"आधी बँकेला फोन करून कार्ड बंद कर. मग तुझ्याकडे येते." मॅडमच्या आवाजात राग नव्हता. "फसलास म्हणून लाजू नकोस. गप्प राहिलास तर मात्र उद्या दुसरा फसेल. जो घाबरवतो तोच उपाय विकत असेल, तर हात तिथेच थांबवायचा, वायर काढायची आणि जाणत्या माणसाला विचारायचं. भीती सगळ्यांनाच वाटते. पण तिच्या सांगण्यावरून होय दाबायचं नाही."