उरलेल्या पायऱ्या

"हरा आया है," विश्वजीत फोनवर म्हणाला. "तुझ्याच प्रोग्रामचा मेसेज. आता तुझ्यावर पण भरवसा नको ठेवू? रामनगरच्या पुलावर जाम आहे, आम्ही नावेनंच येतो."

मागून सई ओरडली, "आई, मी पुढे बसणारे."

"तिला घट्ट धर," म्हणून ईशानीनं फोन ठेवला.

पडद्यावरचा आकडा सकाळपासून उतरत होता. पाणी उतरतंय. खालच्या घरातल्या बायका मात्र गाद्या वरच्या मजल्यावर चढवत होत्या. त्यांची भीती कालची आहे, असं तिला वाटलं. घरातून नदी दिसत नव्हती, नुसता चिखलाचा वास येत होता.

पंचगंगा घाटाच्या भिंतीवरचं यंत्र पाणी मोजी आणि सासऱ्यांनी, शिवरामांनी, फार पूर्वी सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम त्याचा एक आकडा करी. तो पाटीवर लागे आणि नाववाले तो बघून नाव सोडत. ईशानीनं आता पायथनमध्ये पुढचं काम लिहिलं होतं: आकडा घ्यायचा आणि नाववाल्यांच्या फोनवर हिरवा किंवा लाल मेसेज धाडायचा. जुनं सगळं पुसून नव्यानं लिहिता आलं असतं. पण वर्षभरात बाबा विसरायला लागले होते. त्यांनी केलेलं एक तरी काम चालू राहावं, म्हणून तिनं त्यातली एक ओळही हलवली नाही. मध्ये फक्त सांधा जोडला. त्या सांध्यातून आकडा तेवढा पलीकडे जाई, तो कशाचा हे सांगायला तिथे जागा नव्हती.

तिनं बाबांना विचारलंही नव्हतं. विचारलं आणि आठवलं नाही, की त्यांचा चेहरा पडतो. चाचणीच्या दिवशी नदी नेमकी अर्ध्या पायऱ्यांवर होती, कुठूनही मोजा, आकडा तोच.

जिन्यात पावलं वाजली. बाबा आत आले. धोतराचा काठ चिखलानं भिजलेला.

"बाबा, एकटे कुठे गेलात?"

"इथंच. पाणी बघायला."

"पाणी उतरतंय की. सकाळी नऊ होतं, आता चारच."

"चारच?" ते उभेच राहिले. "मग घाटावरून नाव कोण सोडतंय?"

ईशानीचा हात कीबोर्डवरून उचलला गेला. "बाबा, चार म्हणजे किती?"

"चार पायऱ्या उरल्या, बेटा. घाटावर उरलेल्याच मोजतात. बुडालेल्या मोजून काय करणार? माणसानं बसायचं कुठे, ते कळायला हवं ना." मग पडद्यावरच्या आपल्याच ओळी बघून ते हळूच म्हणाले, "हे लिहिलंय कोणी? चांगलं लिहिलंय."

ती पडद्याकडे वळली. दुरुस्ती एका ओळीची होती, ती करताना बोटं दोनदा चुकली. लाल मेसेज गेले. तिनं विश्वजीतला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग ती तशीच अनवाणी गल्ली उतरली. मागून बाबा भिंतीला हात लावत येत होते.

घाटावर पुजाऱ्यांच्या नेहमीच्या छत्र्या नव्हत्या, त्यांच्या जागी पाणी होतं. मातकट, मुकं, आणि वेगानं चाललेलं.

फोन वाजला.

"मल्लाहनं नाव फिरवली," विश्वजीतला धाप लागली होती. "लाल आला ना. परत रामनगरलाच लागलो. सई रडतेय, पुढे बसू दिलं नाही म्हणून."

ईशानी खाली बसली. फोन कानालाच धरलेला.

"सुन रही है ना? आमच्या पुढे एक नाव होती, माणसांनी भरलेली. ती फिरली का, दिसलं नाही."

फोन कट झाला.

बाबा येऊन तिच्याशेजारी बसले. आपल्या उपरण्यानं त्यांनी तिच्या पायांचा चिखल पुसला, सईचे पुसतात तसा.

"किती उरल्या?" त्यांनी विचारलं.

तिनं वरून मोजल्या. "तीन."

"एक कमी सांगायची. नेहमी."

"दोन," ती म्हणाली.

ते समाधानानं मान हलवत राहिले. ती नदीच्या मधोमध बघत होती. तिथे काही नव्हतं. पाणी पुढच्या दगडावर चढलं आणि तिथंच थांबलं, जरा दम घ्यायला थांबावं तसं.

"अगं," बाबा म्हणाले, "किती उरल्या?"