शेवंतीवाल्यांनाच आत सोडा

एमरी टिडवेल माझ्या शेजारच्या वर्गात रसायनशास्त्र शिकवायला आला, तेव्हा मी नाक मुरडलं होतं, आणि त्याला दिसेल असं मुरडलं होतं. आम्ही कॉलेजात चार वर्षं शिक्षणशास्त्र घोटलं, खाष्ट मास्तरणींच्या हाताखाली उमेदवारी केली, तेव्हा कुठे आम्हाला वर्ग मिळाला. हा पठ्ठ्या शिकला भूगर्भशास्त्र. तिकडे पश्चिम टेक्सासात तेलविहिरीवर कामाला होता, विहीर आटली तशी नोकरीही आटली. मग उन्हाळ्यात घरबसल्या संगणकावर मास्तरकीचा कोर्स केला आणि ऑगस्टात थेट फळ्यासमोर. पोहायला शिकवायचं म्हणून पोराला विहिरीत ढकलून द्यावं, तसली ही आडवाट. वर त्याची मार्गदर्शक म्हणून नेमलं कुणाला, तर मला.

पण खोटं कशाला बोलू, पोरगा शिकवायचा झकास. त्या वर्गातून इतके मास्तर पळून गेले होते की शेवटी फुटबॉलचे कोच तिथे नुसते सिनेमे लावून ठेवायचे. एमरी आला आणि पोरं जेवणाच्या सुट्टीत मूलद्रव्यांवरून भांडायला लागली. मी येत्या उन्हाळ्यात निवृत्त होणार. त्याआधी त्या खोलीत एक धड मास्तर टिकलेला मला बघायचा होता, बाकी काही नाही.

गोची अशी की त्याचा परवाना तात्पुरता. पक्का व्हायचा, तर कोर्सवाल्यांच्या निरीक्षकाने येऊन त्याचा एक आख्खा तास बघायचा, आणि त्या तासात कसलाही व्यत्यय येता कामा नये. ज्याने हा नियम केला तो जन्मात कधी शाळेत गेला नसावा. पहिल्या खेपेला निरीक्षक आले, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी मक्याच्या लाह्या करपवल्या, आगीची घंटा झाली आणि अख्खी शाळा मैदानात. दुसऱ्या खेपेला आमच्या हेडमास्तरांनी घात केला. श्रोडर माणूस देवासारखा, पण वर्गावर्गात ऐकू जाणाऱ्या भोंग्यासमोर बसला की त्याचं तोंड आवरत नाही. आधी कुणाच्या तरी गाडीचे दिवे चालू राहिलेत, मग शेतीच्या वर्गातली शेळी सुटलीय, मग स्वयंपाकीणबाईंचा वाढदिवस. निरीक्षक बिचारे उठून गेले, आणि पुढे खुब्याच्या ऑपरेशनला गेले ते परत आलेच नाहीत. आता कुणी नवीन हॅल्ब्रुक नावाच्या बाई येणार होत्या. मुदतीचा शेवटचा दिवस शुक्रवार. आणि तो शुक्रवार नेमका होमकमिंगचा.

होमकमिंग म्हणजे आमच्या गावाचा पोळा आणि दिवाळी एकदम. जुनी पोरं गावात परत येतात, संध्याकाळी सामना असतो, आणि दिवसभर शाळेत जो तो छातीवर शेवंती मिरवतो. शेवंती आपली नावालाच. परातीएवढं कापडाचं फूल, त्याखाली घोट्यापर्यंत रिबिनी, रिबिनींना घुंगरं, मध्ये एखादं चिंध्यांचं अस्वल. चाललं की बैलगाडी आल्यासारखा आवाज. ती शेवंती दिवसभर कुणी काढत नाही आणि शेवंती घेऊन आलेल्याला कुठल्याही दारात कुणी अडवत नाही. मलाही एका पोरीने दिली होती, मीही मिरवत होते.

त्या सकाळी एमरी माझ्या दारात येऊन उभा राहिला. चेहरा पडलेला. म्हणाला, "बाई, विहिरीवरची नोकरी गेली तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. ही गेली तर मी काय करू, मला खरंच कळत नाही."

मला भडभडून आलं, म्हणून मी त्याच्यावर खेकसले आणि तडक श्रोडरकडे गेले. सांगितलं, आज तिसऱ्या तासाला निरीक्षक येतायत, भोंग्याला हात लावलात तर मी तो हात तिथेच चिकटवून टाकीन. श्रोडरने मनावर घेतलं, जरा जास्तच घेतलं. लाह्यांच्या यंत्राची वायर स्वतः उपटून खिशात घातली. शेळीला डबल दोर बांधला. एमरीच्या वर्गातल्या पोरांकडून शपथ घेतली, की आभाळ कोसळलं तरी या तासाला रसायनशास्त्राखेरीज चकार शब्द काढायचा नाही. आणि दारावर फुटबॉल संघातली दोन आडदांड पोरं उभी केली, कुणालाही आत सोडायचं नाही म्हणून. पोरांनी विचारलं, शेवंती घेऊन आलं कुणी तर? श्रोडर म्हणाला, शेवंतीवाल्यांना कोण अडवतंय, त्यांना सोडा.

निरीक्षक बाईंना सोडा, हे सांगायचं मात्र राहिलं.

मी कॉरिडॉरात पोचले तेव्हा हॅल्ब्रुकबाई त्या दोन पहाडांसमोर उभ्या होत्या. करड्या रंगाचा सूट, ताठ मान, अंगावर शेवंती नाही. पोरं अदबीने, मान खाली घालून, पण ठाम नाही म्हणत होती. मी मध्ये पडले तर मलाही ऐकेनात. "बाई, तुम्ही जा, तुमच्याकडे आहे. यांच्याकडे नाही." घंटा व्हायची वेळ आलेली. हॅल्ब्रुकबाई मला बजावून सांगत होत्या, की त्यांच्या संस्थेचा नियम फार कडक आहे. वर्गात निरीक्षक नसल्यासारखाच असतो. बाई बोलणार नाहीत, त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, त्या तिथे नाहीतच असं धरायचं. म्हटलं, नसायला तरी आधी आत जायला हवं ना. मी माझी शेवंती काढली आणि त्यांच्या सुटावर टोचली. पोरं झटक्यात बाजूला झाली, एकाने तर दार उघडून धरलं.

पण तेवढ्यात घंटा होऊन तास सुरू झाला होता. आणि आत मागच्या बाजूला निरीक्षकासाठी मांडून ठेवलेल्या खुर्चीवर व्हर्लीन बसलेली. व्हर्लीन आमची फुलवाली. एका पोरीची राहिलेली शेवंती द्यायला आली, पाय दुखत होते, खुर्ची दिसली, बसली. मांडीवर कुणाकुणाला फुलं द्यायची त्याची यादी अडकवलेली पाटी. एमरी गावात नवा, त्याने व्हर्लीनला कधी पाहिलेलं नाही आणि हॅल्ब्रुकबाईंनाही नाही. तो व्हर्लीनलाच निरीक्षक समजून तिच्याकडे बघून गोड हसत होता. मी तोंड उघडलं, तर तो व्यत्यय. एमरी नापास. मी दारातच गपचूप भिंतीला टेकले.

एमरी त्या दिवशी शिकवत होता ते असं: दोन पदार्थ एकमेकांत मिसळले, की जो आधी संपतो तोच ठरवतो माल किती बनणार. दुसरा कितीही उरला तरी उपयोग शून्य. आणि त्यासाठी उदाहरण घेतलं होतं शेवंतीचं. तेवढ्यात घुंगरं वाजवत हॅल्ब्रुकबाई आत. एमरी जराही डगमगला नाही. त्याला वाटलं, कुणा पोराची आई चुकून आत आली.

"या, या मॅम, बरं झालं आलात," म्हणत त्याने त्यांना सरळ फळ्यासमोर नेऊन उभं केलं. "तुमच्या शेवंतीला घुंगरं किती?"

बाई गप्प. नियमाने त्या तिथे नव्हत्याच, बोलणार कशा? एमरी पोरांना म्हणाला, मॅम लाजतायत, आपणच मोजू. आणि मग तो माणूस परवाना देणाऱ्या निरीक्षकाच्या छातीवरच्या फुलातून एकेक घुंगरू सोडवत, रिबिनी वेगळ्या काढत, फळ्यावर गणित मांडत गेला. एक पोरगी म्हणाली, रिबिनी ढीगभर आहेत पण घुंगरं संपली. एमरीने विचारलं, मग दुसरी शेवंती होईल? सगळा वर्ग ओरडला, नाही. गावातल्या प्रत्येक पोराला व्हर्लीन कोण ते ठाऊक होतं, समोर उभी आहे ती कोण याचाही अंदाज एव्हाना आला होता. पण शपथ म्हणजे शपथ. सगळे घामाघूम होऊन नुसतं रसायनशास्त्र बोलत होते. इतकं रसायनशास्त्र त्या खोलीत कधी कुणी बोललं नव्हतं. हॅल्ब्रुकबाई खुंटीसारख्या उभ्या, नजर समोरच्या भिंतीवर. भोंगा गप्प. शेळी गप्प. तास सुरळीत संपला.

एमरी धावत व्हर्लीनकडे गेला. घाम पुसत म्हणाला, "मॅम, झालो का मी पास?"

व्हर्लीनचे डोळे भरून आले होते. "बाळा, जन्मभर माझी घुंगरं आधी संपायची आणि रिबिनी उरायच्या, ते का हे मला आज समजलं. माझ्याकडून तू पासच. पण मला अजून बँकेत दोन फुलं द्यायचीत." आणि ती गेली.

मग फळ्याजवळून आवाज आला. "मी हॅल्ब्रुक."

एमरीने आपल्या हाताकडे बघितलं. त्याच्या मुठीत बाईंची घुंगरं होती. त्याच्याकडे बघवेना.

हॅल्ब्रुकबाई शांतपणे म्हणाल्या, शिकवणं उत्तम, पण तास सुरू झाल्यावर एक बाई घुंगरं वाजवत आत आली. याला व्यत्ययच म्हणतात, आणि नियम नियम आहे.

तिथे माझं डोकं फिरलं. पाऊण तास तोंड दाबून उभी होते मी. "कोण आली आत?" म्हटलं. "तुम्हीच सांगितलंत ना, तुम्ही तिथे नव्हता म्हणून? जी बाई नव्हतीच, तिने व्यत्यय कसा आणला?"

बाईंनी नियमांचा कागद काढून पुन्हा वाचला. पोरं दारातून माना आत घालून बघत होती, ते दोन पहाडसुद्धा. शेवटी बाई म्हणाल्या, "बरोबर आहे. मी नव्हते." आणि सही केली.

एमरी रडला. लपवायचा प्रयत्नही केला नाही त्याने. मी त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला, कारण मलाही दुसरं काही सुचेना. हॅल्ब्रुकबाईंनी मात्र हात पुढे केला आणि म्हणाल्या, माझी घुंगरं आधी परत लावून द्या. त्यांना म्हणे शाळेत असताना कुणीच शेवंती दिली नव्हती. माझी काही त्यांनी परत केली नाही, मीही मागितली नाही. कॉरिडॉरभर वाजत वाजत गेल्या.

मग चौथा तास सुरू झाला. मी माझ्या वर्गात, एमरी त्याच्या. तो पहिलंच वाक्य बोलत होता, तोच भोंगा खरखरला. श्रोडरचं पाऊण तास तुंबलेलं सगळं बाहेर आलं: गाडीचे दिवे, जेवणाचा बेत, संध्याकाळच्या सामन्याला कुणी कुठे बसायचं, लाह्यांच्या यंत्राची वायर कुणाला सापडली तर. थांबेचना. आणि भिंतीपलीकडून एमरीचा आवाज आला. श्रोडरच्या सात पिढ्यांचा त्याने असा काही उद्धार केला, की माझी पोरं पेन्सिली खाली ठेवून ऐकत राहिली.

मी हातातलं पुस्तक मिटलं. म्हटलं, झाला बाई एकदाचा मास्तर.